जेवून खेळणार, का खेळून जेवणार?

आमच्या घरात रात्री अकरानंतर फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक तर कोणी तरी गेलेलं असतं, नाही तर ताईचा फोन असतो. ताई टेक्ससमध्ये राहते, ह्यूस्टनच्या बाहेर. आपले रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात, तिची जेवणाची सुट्टी असते आणि तिला भावाची आठवण येते.

"अरे, झोपलास का?"

"नाही," मी झोपेतच म्हटलं.

"साठ मुलांना जेवायला किती तांदूळ लागतो?"

मी उठून बसलो. भाच्याची मुंज होऊन सहा वर्षं झाली होती आणि लग्नाला अजून दहा तरी होती. मधल्यामध्ये हे साठ पानांचं कार्य कुठून उपटलं? ताईने खुलासा केला तो असा. भाचा हायस्कुलात आहे आणि शाळेच्या फुटबॉल संघात आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला सामना असतो. सामन्याआधी दुपारी चारच्या सुमारास सगळा संघ शाळेत एकत्र जेवतो आणि ते जेवण आळीपाळीने मुलांच्या आया करतात. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी ताईची पाळी होती.

"तू बँकेच्या कबड्डी संघाचं जेवणखाण बघायचास ना? म्हणून म्हटलं तुला विचारावं."

बघायचो, हे खरं. पण एकदाच. माझ्या आयुष्यातल्या ज्या काही नोंदी मला खोडरबरने पुसून टाकाव्याशा वाटतात, त्यांतली ही एक. बँकांच्या आपापसातल्या स्पर्धेत आमचा संघ अंतिम फेरीत पोहोचला होता आणि व्हाउचरवर सही करायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून मी संघाचा व्यवस्थापक झालो होतो. माणशी मंजूर झालेल्या रकमेतून काही पैसे उरत होते. उरलेली रक्कम परत करणं हा बँकेत बावळटपणा समजला जातो. म्हणून मी मेनूत श्रीखंड वाढवलं. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी आणि वर भजी. एक वाजता पंगत उठली आणि अडीच वाजता शिट्टी झाली. आमचा हुकमी चढाईपटू मधली रेघ ओलांडून गेला, दोनदा 'कबड्डी' म्हणाला, तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून नुसतं 'कब्' आलं आणि तो तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आम्ही ३८–११ असे हरलो. प्रतिपक्षाने म्हणे सकाळी पोटभर पोहे आणि सामन्याआधी दोन दोन केळी खाल्ली होती. 

तेव्हा या विषयातला माझा अधिकार हा असा आहे. पण ताईला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. शिवाय तिचा आवाज थोडा वेगळा लागला होता.

इथे जरा थांबून सांगायला हवं की हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. आपल्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय लावतात. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि पाय फक्त पळायला वापरतात. दोन्ही बाजूंची अकरा अकरा शिरस्त्राणधारी मंडळी एकमेकांसमोर वाकून उभी राहतात, कोणी तरी ओरडतं आणि मग सहा वाजून दहा मिनिटांच्या विरार लोकलमध्ये जे घडतं ते घडतं. हायस्कूलच्या सामन्यात बारा बारा मिनिटांची चार सत्रं असतात. म्हणजे घड्याळाने अठ्ठेचाळीस मिनिटं, पण मधल्या थांबण्यामुळे प्रकरण अडीच तास चालतं. टेक्ससमध्ये हा खेळ नसून कुलाचार आहे. ॲलन नावाच्या गावात २०१२ साली तिथल्या हायस्कूलसाठी सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार माणसं बसतील असं स्टेडियम बांधलं. २०१४ साली काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून ते बंद करावं लागलं आणि डागडुजी होऊन २०१५ साली पुन्हा उघडलं. भेगांचं वाचून मला एकदम आपलेपणा वाटला.

माझा भाचा या खेळात आघाडीच्या रांगेत असतो. वजन ९२ किलो. आमच्या आजोबांवर गेलाय. त्याचं काम काय, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, बॉलला हात लावायचा नाही. नुसतं समोर उभं राहून येणाऱ्याला अडवायचं." मी म्हटलं, "अरे, मग हे काउंटरचंच काम. घराण्यात आहे ते."

पण त्याला हसू आलं नाही, आणि का आलं नाही ते ताईने पुढच्या फोनवर सांगितलं. पोरगा शाकाहारी आहे. आईबापांनी लादलं म्हणून नाही, त्याला स्वतःलाच मांस नको वाटतं. संघाला मदत करणारे एक जुने प्रशिक्षक आहेत. मनाने वाईट नाहीत, पण एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की भातावर कधी रांग उभी राहत नाही, रांग उभी राहते मांसावर. पोरं हसली. त्या दिवसापासून भाच्याने डबा न्यायचं बंद केलं. आणि ताईची पाळी ठरल्यावर तिला म्हणाला, "आई, तू काही करू नकोस. पैसे दे, बाहेरून मागवू या."

हे सांगताना ताई गप्प झाली. आंतरराष्ट्रीय कॉलवर गप्प होणारी ताई मी आजवर पाहिलेली नाही.

मग मी मनावर घेतलं. पंधरा दिवस वाचनालय, इंटरनेट आणि जेवणाची सुट्टी (ती माझ्या मते अडीच वाजेपर्यंत, साहेबांच्या मते दोन वाजेपर्यंत) सगळं या कामी लावलं. ते म्हातारेबुवा म्हणतात ते खरं आहे का, एवढंच मला बघायचं होतं. पण हा वाद म्हातारेबुवांपेक्षा अडीच हजार वर्षांनी म्हातारा निघाला.

प्राचीन ग्रीकांचे खेळाडू म्हणे आधी सात्त्विकच खात. स्पार्टाच्या खार्मिस नावाच्या धावपटूने इसवी सनापूर्वी ६६८ साली ऑलिंपिकची शर्यत जिंकली, ती सुक्या अंजिरांवर तयारी करून, अशी नोंद आहे. पौसानिआस नावाचा प्रवासी लिहितो की आधीचे खेळाडू ताज्या चीजवर राहत आणि मांसाची कल्पना ड्रोमियस नावाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूने काढली. शिवाय मायलो नावाचा एक पहिलवान होता. तो दिवसाला वीस पौंड मांस आणि तेवढाच पाव खायचा अशी दंतकथा आहे. गंमत बघा, अंजीरवाल्याने शर्यत जिंकूनही त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही आणि वीस पौंडवाल्याचं नाव जगभर झालं. किती खाल्लं याची दंतकथा होते, काय खाल्लं याची होत नाही. आमच्याकडे लग्नात पैजेवर जिलब्या खाणाऱ्या काकांचं नाव चार पिढ्या चालतं, त्याच लग्नात बेताने जेवलेल्या माणसाचं नाव त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात या दंतकथेला शास्त्राचा शिक्का मिळाला. जर्मनीचा थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिख याने सांगितलं की स्नायू काम करतात ते स्वतःतली प्रथिनं जाळून, तेव्हा काम करायचं तर मांस खा. माणूस मोठा, त्यामुळे म्हणणं चाललं. त्याच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी कंपनीही १८६५ साली निघाली. सिद्धांत आणि दुकान एकाच नावाने चालू लागलं की सिद्धांत मागे घेणं अवघड जातं, हे कॉमर्सच्या पदवीधराला तरी सांगायला नको.

आणि त्याच १८६५ साली ऑगस्ट महिन्यात झुरिचचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनुस, एक डोंगर चढले. मला या दोघांचा पुतळा आमच्या शाखेत बसवावासा वाटतो, कारण त्यांनी जे केलं ते शुद्ध बँकेचं काम होतं. डोंगराचं नाव फाउलहॉर्न. चढायच्या आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनं वर्ज्य केली. खाल्लं काय, तर पिठूळ सत्त्वाच्या, चरबीत तळलेल्या टिकिया, आणि प्यायले साखरेचा चहा. म्हणजे विचार करा, दाण्याचं कूट न घातलेले साबुदाणेवडे आणि चहा! एकादशीचा फराळ करून दोन जर्मन प्राध्यापक डोंगर चढले. चढताना आणि नंतर लघवी बाटल्यांत साठवली, तीतला नायट्रोजन मोजला, त्यावरून शरीरात प्रथिनं किती जळली ते काढलं. दुसऱ्या बाजूला स्वतःचं वजन गुणिले डोंगराची उंची, म्हणजे काम किती झालं ते काढलं. आणि जमाखर्च मांडला. जुळेना! जळलेल्या प्रथिनांतून जेवढं काम निघू शकलं असतं, त्याच्या दुपटीहून जास्त काम प्रत्यक्ष झालेलं होतं. मग बाकीची शक्ती आली कुठून? अर्थात साबुदाणेवड्यांतून. पुढल्या वर्षी इंग्लंडच्या फ्रँकलंडने निरनिराळे पदार्थ खरोखरच जाळून त्यांतून किती उष्णता निघते ते मोजलं आणि या दोघांच्या वहीवर ऑडिटरची सही केली.

तुम्ही म्हणाल, झालं, प्रश्न मिटला. अहो, प्रश्न असा मिटत असता तर आमच्या सस्पेन्स खात्यात वीस वर्षांच्या नोंदी पडून राहिल्या असत्या का? फिक आणि विस्लिसेनुस पुस्तकात राहिले आणि मांस ताटात राहिलं. त्याच १८६६ च्या सुमाराला ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नावाड्यांच्या आहाराचं वर्णन मॅक्लारेन नावाच्या व्यायामशिक्षकाने लिहून ठेवलं आहे. सकाळी अर्धकच्चं बीफ किंवा मटण, पावाची नुसती कड किंवा टोस्ट, चहा शक्य तितका कमी. दुपारी पुन्हा बीफ किंवा मटण, पुन्हा पाव, आणि बिअर. ही रीत अमेरिकेतल्या विद्यापीठांनी उचलली. तिकडे १८६९ साली रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा पहिला सामना झाला, १८८० नंतर येलच्या वॉल्टर कँपने नियम बदलत बदलत त्याचा आजचा खेळ केला, आणि खेळाबरोबर खेळाडूंचं वेगळं जेवणाचं टेबलही आलं. कमी शिजलेलं मांस भरपूर, पाणी कमी. कमी पाण्याकडे आपण पुन्हा येऊ.

येललाच १९०४ साली चिटेंडन नावाच्या प्राध्यापकाने काही सहकारी, काही सैनिक आणि आपल्याच विद्यापीठातले खेळाडू यांची प्रथिनं महिनोन्महिने निम्म्यावर आणली आणि दाखवलं की कोणी मेलं नाही, उलट ताकद वाढली. आणि मग या कथेत एक असा गृहस्थ शिरला की वाचता वाचता मी खुर्चीतून उठलोच. अर्व्हिंग फिशर! एम व्ही बरोबर पी टी वाले फिशर! बी.कॉम.ला ज्यांच्या समीकरणाने आमची एक अख्खी मे-सुट्टी खाल्ली ते फिशर. येलमध्ये अर्थशास्त्र शिकवायचे. तरुणपणी क्षय झाला होता, त्यातून वाचले आणि आरोग्याच्या मागे लागले. १९०७ साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे धरून किती वेळ उभं राहता येतं? मांसाहारी पंधरा जण होते, त्यांतल्या दोघांनाच पाव तासाच्या वर जमलं आणि अर्ध्या तासापर्यंत एकही पोहोचला नाही. शाकाहारी बत्तीस होते, त्यांतले बावीस जण पाव तासाच्या पुढे गेले, पंधरा जण अर्ध्या तासाच्या पुढे, आणि एक महाभाग तर तीन तासांच्याही पुढे.

मी हे ताईला आनंदाने कळवलं. नंतर रात्री झोप लागेना. कारण एक तर त्या शाकाहारी मंडळींत बरीचशी शाकाहाराचा प्रचार करणाऱ्या एका आरोग्यधामातली होती. अशा माणसाचे हात खांद्यातून निखळले तरी तो खाली घेणार नाही. आणि दुसरं म्हणजे हेच फिशरसाहेब १९२९ च्या ऑक्टोबरात जाहीरपणे म्हणाले होते की शेअरचे भाव आता कायमच्या उंचीवर पोहोचलेत. त्याच महिन्यात बाजार कोसळला आणि साहेबांची स्वतःची दौलत गेली. अशा माणसाच्या शब्दावर साठ पोरांचं जेवण ठरवायचं म्हणजे तारण न बघता कर्ज देण्यातलंच. मी दुसऱ्या रात्री फोन करून फिशरांना यादीतून काढलं.

भरवशाचा पुरावा मिळाला तो खेळाडूंच्या रक्तातून आणि मांड्यांतून. १९२४ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी धावून आलेल्यांचं रक्त तपासलं. जे कोसळायच्या बेतात होते त्यांच्या रक्तातली साखर तळाला गेली होती. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत धावपटूंना आधीपासून पिष्टमय खायला घातलं आणि पळता पळता गोड गोळ्या दिल्या, तर मंडळी धडधाकट पोहोचली. आणि १९६६ साली स्वीडनच्या बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा डॉक्टरांनी तर कमाल केली. एकच सायकल घेतली. एकाने एका बाजूने एक पाय मारायचा, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने एक. दुसरा पाय आरामात. दमेपर्यंत मारली. मग तीन दिवस दोघेही भरपूर पिष्टमय जेवले आणि स्वतःच्याच दोन्ही मांड्यांत जाड सुई खुपसून स्नायूचे तुकडे काढून तपासले. ज्या पायाने काम केलं होतं त्यात साखरेचा साठा दुसऱ्या पायाच्या दुपटीपर्यंत गेला होता.

हा साठा म्हणजे ग्लायकोजेन. मी तो भाच्याला असा समजावला की हे तुझं चालू खातं. अंगावरची चरबी ही मुदत ठेव. ती पुष्कळ आहे (आमच्या घराण्यात फारच), पण आयत्या वेळी मोडता येत नाही, मोडायला वेळ लागतो. समोरून शंभर किलोचा माणूस धावत येत असताना जो चेक वटवायचा तो चालू खात्यावर. आणि ते खातं भरतं भाताने, पोळीने, बटाट्याने. प्रथिनं हवीतच, पण ती इमारतीच्या डागडुजीला. सामन्याच्या दिवशी दुपारी कोणी इमारत रंगवायला काढत नाही.

तरीही अमेरिकेत पन्नाससाठच्या दशकांपर्यंत सामन्याआधी चार तास स्टेक, टोस्ट आणि भाजलेला बटाटा हेच ताट असायचं. स्टेक म्हणजे बीफचा जाड तुकडा. खेळाडू आधीच घाबरलेला असतो, घाबरलं की पोट आखडतं, त्यात चरबी आणि मांस पचायला सगळ्यांत हळू. अर्धा संघ सामन्याआधी उलट्या करायचा आणि त्यालाच जोश म्हणायचे. शेवटी नेब्रास्का विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९६१ साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की सामन्याआधी घट्ट जेवणाऐवजी पातळ, पिण्यासारखं अन्न द्या, पोट लवकर मोकळं होतं. एवढं शहाणपण यायला फाउलहॉर्ननंतर शहाण्णव वर्षं लागली. मला मात्र यात त्या श्रीखंडाचं समर्थन सापडेना. तेही पातळच होतं म्हणावं, तर पुऱ्या आड येत होत्या.

आता पाण्याचं. हा भाग मी ताईला सांगितला नाही. खेळताना पाणी प्यायलं की माणूस ढिला पडतो, अशी प्रशिक्षकांची समजूत पिढ्यानपिढ्या होती. १९५४ च्या सप्टेंबरात बेअर ब्रायंट या नामवंत प्रशिक्षकाने टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा संघ जंक्शन नावाच्या दुष्काळी गावात दहा दिवसांच्या सरावाला नेला. रणरणतं ऊन आणि सरावात पाण्याचा थेंब नाही. शंभराच्या आसपास पोरं गेली होती, पस्तिसेक टिकली. बाकीची रात्री सामान उचलून पळाली. एकाला उष्माघात झाला. तो वाचला, पण या खेळात उन्हाने गेलेल्या शाळकरी पोरांची यादी मी पाहिली ती मध्येच बंद केली. तो संघ त्या वर्षी एक सामना जिंकला आणि नऊ हरला. तरी या दहा दिवसांची वीरगाथा सांगतात.

या अंधश्रद्धेला तडा गेला तो एका साध्या प्रश्नाने. १९६५ साली फ्लॉरिडा विद्यापीठाच्या एका साहाय्यक प्रशिक्षकाने मूत्रपिंडाचे डॉक्टर रॉबर्ट केड यांना विचारलं की आमच्या खेळाडूंना सामन्यात लघवीला का लागत नाही? केडनी बघितलं तर सगळं पाणी घामावाटे जात होतं, वर मीठही. त्यांनी पाणी, मीठ आणि साखर एकत्र केली. चव इतकी भयंकर लागली की कोणी पिईना. मग केडबाईंनी सुचवलं, त्यात लिंबू पिळा. तेच पुढे गेटोरेड म्हणून बाटलीत गेलं आणि अब्जावधी डॉलरचा धंदा झाला. म्हणजे मूत्रपिंडाचा तज्ज्ञ, विद्यापीठ आणि फुटबॉल संघ यांनी मिळून लिंबूसरबताचा शोध लावला, तोही बायकोने सांगितल्यावर! हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? दरवेळी असंच होतं."

एवढी तयारी झाल्यावर मी ताईला मेनू द्यायला बसलो आणि खरी लढाई तिथे झाली. कारण ताईने बटाटेवडे ठरवून टाकले होते. साठ पोरांना दोनशे बटाटेवडे, हिरव्या चटणीसकट! तिला त्या आयांना दाखवून द्यायचं होतं.

"ताई, तळलेलं नाही चालणार. चार तासांत पचत नाही."

"तू लहानपणी सहा सहा खाऊन खेळायला जायचास!"

"मी कॅरम खेळायचो, ताई."

"मग मटकीची उसळ करते. प्रथिनं."

आता हे बहिणीला कसं समजावायचं? मी म्हटलं, "अगं, ती पोरं एकमेकांच्या मागे वाकून, अगदी जवळजवळ उभी असतात. मटकी नको." पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि मग ती इतकी हसली की भाऊजी विचारायला आले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

आणखी एक नियम मी तिला वाचून दाखवला, तो मात्र तिला लागला. सामन्याच्या दिवशी नवीन, ओळखीचं नसलेलं काही खायला घालू नये. पोरांच्या पोटाला ठाऊक असेल तेच. म्हणजे वडे तिखट नसते आणि तळलेले नसते, तरी त्या दिवशी नकोच होते. ती म्हणाली, "म्हणजे माझं असं काहीच नको म्हण ना." मग थोड्या वेळाने मीच म्हटलं, "भात कर. साधा. भात सगळ्या जगाच्या ओळखीचा आहे."

आम्ही हिशेब मांडला. आजचे तज्ज्ञ सांगतात की खेळाआधीच्या एक ते चार तासांत शरीराच्या दर किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. मी तीन धरली. साठ मुलं, सरासरी वजन ८० किलो, गुणिले तीन. चौदा किलो चारशे ग्रॅम. नुसत्या तांदळाने द्यायची तर अठरा किलो तांदूळ. ताई म्हणाली, "तेवढं भांडं टेक्ससमध्ये नाही." म्हणून फोड केली. पास्ता आठ किलो, टोमॅटोच्या सॉसमध्ये, चीज बेताचं: त्यातून सहा किलो. तांदूळ पाच किलो: त्यातून चार. पावाचे गोळे एकशेवीस: तीन किलो. केळी साठ: दीड किलो. एकूण साडेचौदा. शंभर ग्रॅम शिल्लक! चिकन भाजून आणायचं दुसऱ्या एका बाईंनी आनंदाने कबूल केलं. पाण्याचे पिंप भाऊजींकडे. आणि भाच्यासाठी बाजूला एका डब्यात वरण, त्याला हवं तर. हवं तरच, असं मी तिला तीनदा बजावलं.

शुक्रवारची त्यांची संध्याकाळ साडेसात म्हणजे आपली शनिवारची सकाळ सहा. नशिबाने दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. आई आंघोळ करून, जपमाळ घेऊन माझ्या फोनसमोर बसली. सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं. "यातला आपला कुठला?" असं तिने अडीच तासांत चाळीस वेळा विचारलं असेल. शेवटी तिने रांगेतला सगळ्यांत जाड मुलगा आपला ठरवला आणि त्याच्यासाठी जप केला. तो प्रतिपक्षाचा निघाला. आपला तिथेच दोन माणसं सोडून उभा होता आणि चारही सत्रं उभा होता. चौथ्या सत्रात समोरचे गुडघ्यांवर हात ठेवायला लागले होते, हा नव्हता. मला ते बघून आमचा चढाईपटू आठवला आणि मी चहा करायला उठलो.

तीन गुणांनी हरले. दुपारी बाराला ताईचा फोन आला. तिच्याकडे रात्रीचे दीड.

"हरले रे."

"पाहिलं. कोणाला उलटीबिलटी?"

"कोणाला नाही. पण अरे, भात कमी पडला."

"शक्यच नाही! शंभर ग्रॅम शिल्लक होती."

"कागदावर. त्यांचा तो मधला मुलगा आहे ना, सव्वाशे किलोचा, त्याने भात तीनदा घेतला. मग याचा डबा उघडून विचारलं, हे पिवळं काय आहे. यानेच वाढलं त्याच्या भातावर. मग बाकीचे आले. याला स्वतःला भात मिळालाच नाही, पास्ता खाऊन खेळला बिचारा."

"आणि ते म्हातारे?"

"त्यांनी घरून स्टेकचं सँडविच आणलं होतं. कोपऱ्यात बसून खाल्लं." मग जरा थांबून ती म्हणाली, "आता सात किलो धर."

"आता म्हणजे कधी?"

"ऑक्टोबरातली एक पाळी मी मागून घेतलीय. तोच म्हणाला, आई, घे म्हणून. आणि वरण किती लागेल तेही काढून ठेव, त्याचा हिशेब आपण धरलाच नव्हता."

मी उठून वही शोधायला लागलो.